कोरा आवाज

कराडच्या कीर्तन सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी, रेवती खांबेटे यांना उभ्या उभ्या खोकला आला. सभागृहात सहाशे माणसं होती. खोकला एकालाही ऐकू गेला नाही.

हेरंब खांबेटे यांनी तो पाहिला. रेवतीबाई त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून वहिनींच्या प्रत्येक कीर्तनाला ध्वनियंत्रणेवर हेरंबच बसत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी रेडिओ केंद्रावर हेच काम केलं होतं. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला त्यांचं टेबल होतं, तिथून वहिनी एका बाजूने दिसत.

वहिनींनी मान वळवली, उपरण्याचं टोक तोंडावर धरलं, खांदे तीनदा हलले. त्या चार सेकंदांत स्पीकरमधून त्यांचा आवाज चालूच होता. आख्यानात सुधन्व्याला उकळत्या तेलाच्या कढईकडे नेत होते. वाक्य अर्ध्यावर होतं, ते न अडखळता पूर्ण झालं. खोकला थांबला तशा वहिनी पुढच्या वाक्यात शिरल्या. आरती सुरू झाल्यावर मागून आलेला माणूस मिसळून जातो तशा.

हेरंबनी समोरच्या मिक्सरकडे पाहिलं. वहिनींच्या माइकच्या बटणाखालचा लाल दिवा लागलेला होता. माइक बंद होता.

तो त्यांनीच बंद केला होता. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. उपरण्याला अडकवलेल्या माइकवर हाराची फुलं घासतात आणि सभागृहभर खरखर होते. म्हणून हार येताना माइक बंद करायचा आणि आख्यान सुरू होण्याआधी चालू करायचा, ही हेरंबची जुनी सवय. आज नेमके त्याच वेळी सप्ताह भरवणाऱ्या ट्रस्टचे चिटणीस आप्पा शेटे जनरेटरचं काही विचारायला टेबलाशी आले होते. हार घातला तेव्हा पाच पंचेचाळीस झाले होते. म्हणजे बावीस मिनिटं माइक बंद होता, आणि बावीस मिनिटं सहाशे माणसांनी सुधन्व्याचं आख्यान ऐकलं होतं. दोनदा हशाही झाला होता.

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा गेला. स्पीकरमधल्या आवाजात काहीही फरक पडला नाही.

*

अकरा महिन्यांपूर्वी, बारा नोव्हेंबरला, मिरजेला रेवतीबाईंच्या थायरॉइडची गाठ काढली होती. गाठ साधी निघाली. पण तिला लागून जाणारी, डावा स्वरतंतू हलवणारी नस शस्त्रक्रियेत दुखावली. गळ्यात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांना भिडतात आणि मधून जाणाऱ्या हवेने थरथरतात; तोच आवाज. एक हलेनासा झाला की फट राहते, आणि आवाजाऐवजी वाराच जास्त बाहेर पडतो.

"नस तुटलेली नाही, दुखावली आहे," कान-नाक-घशाच्या डॉक्टर शबाना मुजावर म्हणाल्या होत्या. "ती परत येऊ शकते. मात्र तिला साधारण वर्षाची मुदत असते. रोज आवाज लावायचा, स्वतःचा स्वतः ऐकायचा, दुरुस्त करायचा. सहा महिन्यांनी पाहू. गरज वाटली तर डाव्या तंतूत इंजेक्शन देऊन त्याला मध्ये सरकवू. उजव्याला भिडायला जोडीदार मिळेल."

"आणि वर्ष उलटलं तर?" वहिनींनी विचारलं होतं.

"तर कामचलाऊ आवाज देता येईल, ताई. बाजारात जाता येईल, फोनवर बोलता येईल."

"आणि कीर्तन?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती.

वहिनी एकोणिसाव्या वर्षापासून कीर्तन करत होत्या. आता सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं काही करण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं. जानेवारीत त्या पहिल्यांदा सांगलीच्या घरी माइकसमोर उभ्या राहिल्या आणि दोन ओळींत थांबल्या.

"भावजी, मला हे ऐकवत नाही. फुटक्या घागरीत वारा शिरल्यासारखं वाटतं."

"मग नका ऐकू. मी तुम्हाला नीट करून ऐकवतो."

"तसं करता येतं?"

"येतं. नळ कुठून कुठे जोडायचा, एवढाच प्रश्न आहे."

"म्हणजे रेडिओवर तीस वर्षं प्लंबिंगच केलंत म्हणा की!"

हेरंबच्या लॅपटॉपवर तीन प्रोग्रॅम होते. पहिला माइकचा आवाज घेई आणि त्यातला पंख्याचा, रस्त्याचा गोंगाट काढी. दुसरा त्यावर संस्कार करी. तिसरा रेकॉर्ड करी. या तिघांमध्ये खरी तार नसते. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवतात; तो पहिल्याचा निघालेला आवाज दुसऱ्यापुढे असा ठेवतो, की दुसऱ्याला वाटावं आपल्याला माइकच जोडलाय. आवाज संगणकाच्या बाहेर न पडता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. घरगुती स्टुडिओवाले हे कितीतरी वर्षं करत आले आहेत.

अडचण वेळेची होती. संगणक आवाजाचे बारीक तुकडे करतो, तुकडा भरेपर्यंत थांबतो, मग पुढे पाठवतो. तीन ठिकाणी थांबलं की सेकंदाचा विसावा-तिसावा भाग जातो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही. पण बोलणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज इतका उशिरा आला तरी जीभ अडखळू लागते. म्हणून पूर्वी आवाज आधी कोराच रेकॉर्ड करत आणि त्यावरचे सगळे संस्कार मागाहून होत. कार्यक्रम चालू असताना आवाज समूळ बदलून देणं जमत नसे.

'अग्रस्वर' या नव्या प्रोग्रॅमने थांबणंच सोडून दिलं. तो अंदाज करी. गळा म्हणजे शेवटी मांसाचा अवयव. तो आत्ता कसा हलतोय यावरून पुढच्या क्षणी कुठे असेल ते सांगता येतं. सीमारेषेवरचा खेळाडू चेंडू पडण्याआधीच पळत सुटतो, तसं. अंदाजाने आवाज आधी बनवायचा, खरा आवाज आला की दोन्ही ताडून पाहायचे, चुकलं असेल तर पुढच्या तुकड्यात सुधारायचं. बराच वेळ चूक झाली नाही, तर अंदाजाची मजल वाढवायची: आधी एक अक्षर, मग एक शब्द, मग एक वाक्य. हेरंबनी त्याला वहिनींची जुनी दोनशे चौदा कीर्तनं ऐकवून तयार केलं. आवाजाचा पोत त्याने त्या कीर्तनांतून घ्यायचा, आणि स्वर, शब्द, वेळ वहिनींच्या आजच्या गळ्यातून.

अग्रस्वरमधून निघणारा आवाज हेरंबनी तीन ठिकाणी पाठवला. स्पीकरला, रेकॉर्डिंगला आणि वहिनींच्या कानातल्या इअरपीसला.

कोरा आवाज त्यांनी कुठेच साठवला नाही. हीसुद्धा रेडिओची सवय. एका कार्यक्रमाच्या दोन टेप ठेवल्या की कधी ना कधी चुकीची टेप प्रक्षेपणाला जाते; नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांच्या हातून तसं झालं होतं आणि त्यांना मेमो मिळाला होता. तेव्हापासून त्यांचा नियम ठरलेला: संस्कार झालेली एकच प्रत, बाकी पुसून टाकायचं.

अग्रस्वरच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसे. अंदाज आणि खरा आवाज यांच्यातली चूक. फेब्रुवारीत ती अठरा टक्के होती. एप्रिलमध्ये नऊ. जूनमध्ये तीन. हेरंब तो आकडा दर कीर्तनानंतर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत.

"वहिनी, आवाज बसत चाललाय तुमचा. तीनवर आलो."

"खरंच?" वहिनी म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी शिरा केला होता. सप्टेंबरात आकडा शून्य पॉइंट चार झाला.

दोन गोष्टींमधलं अंतर कमी होतं, तेव्हा कोण कोणाकडे सरकलं ते त्या अंतरावरून कळत नाही. गळा सुधारतोय, ही एकच बाजू हेरंबनी धरली होती.

*

दुसऱ्या दिवसाचं कीर्तन संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता त्यांनी पेटीवाल्या गुंडूराव सुतारांना विचारलं. वहिनींच्या सर्वांत जवळ, दोन हातांवर, तेच बसत.

"गुंडूराव, आज वहिनींचा आवाज कसा होता?"

"फस्क्लास! का वो?"

"तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकू येतो, की स्पीकरमधून?"

गुंडूरावांनी पेटीचा भाता बंद केला. "आता तोंडाजवळ कान नेऊन कोन बसतंय सायेब? माझा स्पीकर हितं मांडीला लागलेला असतोय. त्यातनंच येतोय की." मग ते म्हणाले, "येक मात्र हाय. अलीकडं ताई सूर धरायच्या आधी माझ्याकडं बघत न्हाईत. पयलं बघायच्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला, ट्रस्टच्या भक्तनिवासात, वहिनी शेजारच्या खोलीत रोजचा सराव करत होत्या. डॉक्टरांनी दिलेला: पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून वीस मिनिटं 'ऊ' लावायचा, मग साधी वाक्यं. समोर लॅपटॉप चालू होता आणि कानात इअरपीस होता. सरावाला हुरूप येतो म्हणून मार्चपासून त्या तो काढत नसत. हेरंबनी आत जाऊन आपला मोबाइल त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्या साध्या रेकॉर्डरवर दोन मिनिटं घेतली.

बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यांनी ते ऐकलं. सुरुवातीला वाटलं, रेकॉर्डिंग झालंच नाही. मग आवाज पूर्ण वाढवल्यावर श्वास ऐकू आला. श्वासात शब्दांचे आकार होते. मधूनच, घशात काहीतरी ओलं फडफडल्यासारखा, सूर नसलेला एक आवाज. जानेवारीत वहिनी ज्याला फुटकी घागर म्हणाल्या होत्या तो आवाज यापेक्षा पुष्कळ चांगला होता.

ती फाइल डॉक्टरांना पाठवावी म्हणून त्यांनी आत येऊन लॅपटॉप जवळ ओढला. डॉक्टर मुजावर दर महिन्याला व्हिडिओ कॉलवर वहिनींना तपासत, त्याच खिडकीत फाइल टाकताना हेरंबना सेटिंगमधली एक ओळ दिसली.

माइक: अग्रस्वर.

फेब्रुवारीत एकदा जोडणी करताना त्यांनी संगणकाला सांगितलं होतं की यापुढे अग्रस्वर हाच माइक समज. संगणकाने तसं समजलं होतं. फक्त रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमपुरतं नव्हे, सगळ्यांसाठी. आठ महिने डॉक्टरांनी जो गळा तपासला होता, तो दोनशे चौदा जुन्या कीर्तनांतला होता. मे महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, "अरे वा, ताई! मग आता कशाला टोचायचं? असंच चालू ठेवा."

हेरंबनी फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही मला कोणाचा आवाज ऐकवत होतात, काका?"

"माझी चूक झाली."

"ते राहू द्या. नीट ऐका. मेंदू गळ्याला हुकूम देतो आणि कानाला विचारतो, बरोबर झालं का? कान म्हणाला चुकलं, तर पुढच्या वेळी जास्त जोर लावतो. त्या जोरानेच गळा पुन्हा कामाला लागतो. तुम्ही कानाला इतके महिने सांगताय, सगळं उत्तम आहे. मग मेंदू कशाला जोर लावेल? तो हळूहळू हुकूम देणंच सोडून देईल."

"आता?"

"बारा नोव्हेंबरला वर्ष होतंय. एक महिना आहे. इंजेक्शन अजून देता येईल. आज निघालात तर आज या. एक एक दिवस मोजा. आणि आधी ते कानातलं काढा."

*

हेरंबनी वहिनींना सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मग इअरपीस काढायला सांगून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

वहिनींनी ते दोनदा ऐकलं. नंतर काही बोलल्या, ते हेरंबना ऐकू गेलं नाही. ते जवळ गेले.

"गुंडूरावांना माहीत आहे?" वहिनी विचारत होत्या.

"नाही. कोणालाच नाही."

"बावीस मिनिटं मी नव्हतेच म्हणजे."

"होतात हो, वहिनी. तुम्ही बोलत होतात."

"मी बोलत होते की नुसतं तोंड हलवत होते?"

वहिनींनी इअरपीस रुमालात गुंडाळला. एवढं बोलण्यानेही त्यांना धाप लागली होती. मानेच्या शिरा वर आल्या होत्या.

"सप्ताह आज थांबवायचा," त्या म्हणाल्या. "मीच सांगणार. आहे त्या आवाजात. मग मिरज."

"आप्पा शेट्यांच्या कानावर आधी घालू या का?"

"नको. ते निरोपाचा सत्कार ठेवतील."

दोघंही हसले. वहिनींच्या हसण्याला आवाज नव्हता.

ठरलं ते असं. पाच वाजता वहिनी नेहमीसारख्या उभ्या राहतील. हेरंब कोरा माइक थेट स्पीकरला जोडतील, मध्ये काही नाही. वहिनी पाच वाक्यं बोलतील. ती त्यांनी कागदावर लिहून काढली: वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली, आवाज गेला, तुम्ही ऐकलात तो यंत्राचा होता, मला हे कालपर्यंत कळलं नव्हतं, उपचार करून जमलं तर परत येईन. वाक्यं लहान होती, कारण मोठ्या वाक्याला श्वास पुरत नव्हता. गाडीवाल्याला सहाला बोलावलं. डॉक्टर मुजावर आठपर्यंत दवाखान्यात थांबणार होत्या.

इअरपीस त्या घालणार नव्हत्या. पण निघताना हेरंबनीच तो घालायला सांगितला: "कोराच आवाज सोडतो त्यात. सभागृहात स्वतःचं ऐकू आलं नाही तर गोंधळाल." वहिनींनी घातला.

पाच वाजता सभागृह भरलं होतं. कालचं आख्यान रंगलं होतं, त्यामुळे मागे उभी राहिलेलीही शंभरेक माणसं होती. ट्रस्टच्या वाहिनीवरून आणखी तीन हजार जण घरबसल्या पाहत होते. वहिनींनी हात जोडले. हेरंबनी कोऱ्या माइकचा आवाज वर केला.

वहिनी बोलल्या. स्पीकरमधून फुंकर आली. फुंकरीत कुठेतरी 'शस्त्रक्रिया' होतं.

पुढच्या रांगेतली माणसं पुढे वाकली. मागून कोणी ओरडलं, "आवाज येत नाय!"

"ओ साऊंडवाले! माइक चालू करा की!"

हेरंबनी आवाज आणखी वाढवला. आता फुंकर मोठी झाली, आणि तिच्याबरोबर ते ओलं फडफडणंही. वहिनी दुसरं वाक्य बोलत होत्या. मधल्या रांगेत कोणाला तरी हसू आलं. एक जण हसला म्हणून आणखी चार जण हसले. वाईट मनाने नव्हे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी भोंगा कुईं करतो तेव्हा मुलं हसतात, तितकंच. लोकांना वाटत होतं, यंत्र बिघडलंय.

आप्पा शेटे वाकत वाकत टेबलापाशी आले. "अवो खांबेटे, काय लावलंय हे? काल एवढं झकास चाललेलं! कुठली वायर निसटली?"

"आप्पा, दोन मिनिटं. त्यांना बोलू द्या."

"त्या बोलतायत वो, पण ऐकू कुठं येतंय? बाहेर तीन हजार मानसं बसल्यात. आमच्या ट्रस्टची अब्रू जाती. करा काय ते!"

वहिनी तिसऱ्या वाक्यावर थांबल्या. कागद हातात होता. त्यांनी डावीकडे मान वळवून हेरंबकडे पाहिलं.

त्या पाहण्याचा अर्थ काय होता, हे हेरंबना पुढेही कधी ठरवता आलं नाही. थांबू नका, असा असेल. पुरे करा, असाही असेल. विचारलं असतं तर वहिनींनी सांगितलं असतं. पण विचारायला दोन-तीन सेकंद लागले असते, आणि सभागृहात हशा वाढत होता, आणि हेरंबचं बोट तीस वर्षांच्या सवयीने जिथे जायचं तिथे गेलं. प्रक्षेपणात आवाज बिघडला तर आधी चांगल्या ओळीवर जायचं, कारण नंतर शोधायचं.

त्यांनी अग्रस्वर जोडला; तो स्पीकरबरोबर इअरपीसलाही गेला.

अग्रस्वरला शस्त्रक्रियेबद्दल काही माहीत नव्हतं. दोनशे चौदा कीर्तनांत वहिनी कधी असं काही बोलल्या नव्हत्या. पेटीचा षड्ज लागलेला आहे, सप्ताहाचा तिसरा दिवस आहे, एवढं त्याला कळत होतं. माइकमधून येणाऱ्या वाऱ्यावर तो फारसा विसंबत नव्हता.

"श्रोतेहो," वहिनींचा भरदार, चाळिशीतला आवाज सभागृहभर घुमला, "काल आपण सुधन्व्याला कढईच्या काठावर सोडून घरी गेलो. सगळे जेवलात ना? तो मात्र अजून तिथेच उभा आहे."

मोठा हशा झाला. मोकळा, सुटलेला हशा. टाळ्याही पडल्या. "आता कसं!" म्हणत आप्पांनी हेरंबच्या पाठीवर थाप मारली.

व्यासपीठावर वहिनी कागद धरून उभ्या होत्या. तोंड अर्धवट उघडं होतं. कानात त्यांचा आवाज पुढे बोलत होता, आणि सातशे माणसं त्यांच्याकडे प्रेमाने बघत होती. हेरंबना दिसलं, वहिनींचे ओठ हलले. पहिले काही शब्द मागे राहिले. मग अंतर एका अक्षराचं उरलं. दहाव्या सेकंदाला ओठ आणि आवाज एकमेकांवर नेमके बसले. वहिनींनी कागद दुमडून कमरेला खोचला, झांजा उचलल्या, आणि नमनाला सुरुवात केली.

पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा शून्य झाला.

कीर्तन एक तास पन्नास मिनिटं चाललं. सप्ताहातलं ते सर्वांत चांगलं कीर्तन होतं, असं नंतर सगळेच म्हणाले. सहा वाजता आलेला गाडीवाला पावणेसातपर्यंत थांबून निघून गेला.

भक्तनिवासात हेरंबनी विचारलं, "वहिनी, सकाळी मिरजेला निघायचं ना?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. इअरपीस कानात तसाच होता. टेबलावर लॅपटॉप चालू होता.

"सप्ताह पुरा करू," त्या म्हणाल्या.

हे त्या आपणहून म्हणाल्या, की कानात आधी ऐकून म्हणाल्या? हेरंबनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं.

सप्ताह रविवारी संपला. त्यानंतर साताऱ्याला तीन दिवस आधीच ठरलेले होते, मग फलटण, मग पुन्हा साताऱ्याहून आग्रहाचं बोलावणं आलं. प्रत्येक वेळी हेरंब इअरपीस काढायला सांगत. वहिनी मान हलवून होय म्हणत. डॉक्टर मुजावर यांचे फोन आले. हेरंबनी आधी कारणं सांगितली, नंतर फोन उचलले नाहीत. बारा नोव्हेंबरला फलटणमध्ये वहिनींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आभाराचं भाषण छान झालं.

*

वीस नोव्हेंबरला ते मिरजेला गेले.

डॉक्टरांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, इअरपीस स्वतःच्या हाताने काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला आणि नाकातून दुर्बिणीची बारीक नळी आत सोडली. भिंतीवरच्या पडद्यावर गळा दिसू लागला. ओला, गुलाबी, मध्ये दोन पांढरट तंतू, पुढे जुळलेले आणि मागे फाकलेले.

"हा डावा," डॉक्टर म्हणाल्या. "अपेक्षेप्रमाणे. हलत नाही. आता आवाज लावा, ताई. 'ई' म्हणा."

वहिनींनी तोंड उघडलं.

पडद्यावर काही बदललं नाही.

"म्हणा ना. घाबरू नका, दुखणार नाही. ई..."

तंतू फाकलेलेच राहिले. दोन्ही. डॉक्टरांनी नळी किंचित फिरवली, पुन्हा पाहिलं. "काका, उजवी नस तर धड आहे. उजव्या तंतूला काहीच झालेलं नाही. तो का येत नाही मध्ये?" त्या वहिनींच्या चेहऱ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही लावताय ना आवाज?"

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. त्यांचं तोंड उघडं होतं, डोळे समोरच्या भिंतीवर होते, आणि मान थोडी तिरकी होती. हेरंबना ते बसणं ओळखता आलं. आवाज सुरू व्हायची त्या वाट पाहत होत्या.